जवाच्या जागी ज्वारी

भीमपूरच्या शिवारात जव पिकत नाही. ज्वारीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना अशा वाक्याने सुरू व्हावी हे विचित्र वाटेल, पण मला सुरुवात तिथूनच करायची आहे. आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, पैनगंगेच्या काठाला लागून हे मंडल आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली तेव्हा ते नव्याने झालं. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. जमीन काळी, कापसाची. इथे जव बघायचा तर पूजेच्या सामानाच्या दुकानात जावं लागतं. श्राद्धाला तिळांबरोबर, होमाला तुपाबरोबर लागणारा मूठभर जव कागदाच्या पुडीत घरी येतो. त्यापलीकडे कुणीतरी सांगितलेलं बार्लीचं पाणी, तेही लघवीची जळजळ थांबेपर्यंत. उन्हाळ्यात सातूचं पीठ म्हणून गुळाच्या पाण्यात आपण जे कालवतो, त्यातही बहुतेक मराठी घरांत गहू आणि डाळं असतं. सातू, म्हणजे जव, नावापुरता.

आणि हेच धान्य जगाच्या हिशेबात मका, गहू, भात यांच्यानंतर चौथं आहे. वर्षाला साधारण चौदा-पंधरा कोटी टन जव जगात पिकतो, मुख्यतः रशिया, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, जर्मनी, कॅनडा या थंड किंवा कोरड्या मुलखांत. त्यातला निम्म्याहून अधिक जनावरांच्या पोटात जातो. उरलेल्यातला मोठा वाटा माल्ट होतो, म्हणजे भिजवून, मोड आणून, वाळवून बिअर आणि व्हिस्कीच्या कारखान्यात जातो. माणसाच्या ताटात येतो तो थोडा. तिबेट आणि लडाखमध्ये भाजलेल्या जवाचं पीठ लोणी घातलेल्या चहात कालवून खातात आणि त्याच जवाची छांग पितात. इथिओपियात, मोरोक्कोत त्याची भाकरी होते. जपान-कोरियात तो भाजून उकळतात आणि गाळलेलं पाणी चहासारखं पितात. आपल्याकडे राजस्थान आणि उत्तर प्रदेश ही त्याची मुख्य राज्यं. एके काळी लांबी मोजायलाही तो वापरात होता: आठ यवांचं एक अंगुळ आपलं, तीन जवांचा एक इंच इंग्रजांचा.

ही यादी मी घाईने उरकली, कारण मला तिच्यातून एकच गोष्ट दाखवायची आहे. भाकरी, पेज, आंबवलेलं पेय, जनावराची वैरण, देवाचा नैवेद्य: जव जिथे पिकतो तिथे तो जी जी कामं करतो, ती सगळी पैनगंगेच्या दोन्ही काठांवर ज्वारीने केली. म्हणून ज्वारी समजून घ्यायची तर ती कुणाच्या जागेवर येऊन बसली हे आधी बघावं लागतं. ती जागा रिकामी नव्हती.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे वस्ती होती. जळून कोळसा झालेल्या दाण्यांचा अभ्यास झाला तेव्हा त्या लोकांचं मुख्य धान्य जव निघालं. भाकरीचा मुलूख म्हणून आपण ज्याची शेखी मिरवतो, त्या दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची चूल जवावर चालत होती. त्यांनी नदीलगत बांध घातला, पाण्याचा पाट काढला, धान्य साठवायला जमिनीत पेवं खणली. पाट काढण्यामागचं कारण जवाच्या स्वभावात आहे. तो हिवाळी पीक. पाऊस संपल्यावर पेरायचा, थंडीत वाढवायचा, आणि आपल्याकडे थंडीत पाऊस पडत नाही. मग ओल टिकेल तेवढ्यावर भागवा, नाहीतर पाणी द्या. पुढे हवा कोरडी होत गेली, शेतीचा जोर ओसरला आणि इनामगावच्या शेवटच्या काळातली घरं लहान, हलकी होत गेली, अशी मांडणी ढवळीकरांनी केली आहे.

दरम्यान आफ्रिकेतून दुसरं धान्य निघालं होतं. सुदानच्या पूर्व भागात, कसला शहराच्या परिसरात, पाच हजार वर्षांहून जुन्या खापरांच्या मातीत ज्वारीच्या तुसांचे ठसे मिळाले आहेत आणि त्यात रानटी वाणांबरोबर माणसाळलेले वाणही आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकाच्या आसपास ही ज्वारी भारतात आली असं मानलं जातं. कोणी आणली, कोणत्या बंदरात उतरली, या कथा रचायला सोप्या आहेत. मी त्या वाटेला जात नाही. आल्यावर ती का टिकली, हे मात्र सांगता येतं. ज्वारी मुळातच पावसाळी गरम प्रदेशातली. मृगाच्या पावसावर पेरता येते, पाट काढावा लागत नाही. तिचं मूळ खोल जातं, पानावर मेणाचा थर असतो, पाण्याचा ताण पडला की पान गुंडाळून ती थांबते आणि पुन्हा पाऊस आला की चालू लागते. उन्हाचा उपयोग करून घेण्याची तिच्या पानांची पद्धतही जवापेक्षा वेगळी, मक्या-उसाच्या जातीची आहे, त्यामुळे ऐन उष्म्यातही ती कमी पाण्यात अधिक वाढते. जव थंडीचा पाहुणा होता. ज्वारीला दोन हंगाम मिळाले, खरीप आणि रब्बी, आणि जिथे एकाच्या जिवावर वर्ष काढायचं असतं तिथे दोन हंगामांचं पीक घरधनी होऊन बसतं.

भीमपूर मंडलातल्या आर्ली गावाचं नाव हिवाळ्यात तेलंगणाच्या बातम्यांत येतं, कारण राज्यातल्या सर्वात थंड ठिकाणांत त्याची गणना होते. तेवढी थंडी असताना जव का नाही, असा प्रश्न विचारता येईल. थंडी आहे, पण ती थोडे आठवडेच. महाशिवरात्रीच्या सुमाराला ऊन चढू लागतं आणि जवाचा दाणा सावकाश भरायला हवा तेव्हा तो घाईने पिकून चिमतो. शिवाय पिकवला तरी घेणार कोण? माल्टचे खरेदीदार राजस्थान-हरियाणाकडे बसलेले. पीक नुसतं उगवून भागत नाही, त्याला दार लागतं.

या भागाची ओळख करून देताना नकाशाचा एक घोळ सांगणं भाग आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला जुना आदिलाबाद जिल्हा कातरला गेला. राजुरा तालुका आणि किनवट तालुका मराठी भाषकांचे म्हणून तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले, राहिलेला भाग आंध्रात गेला. रेघ ओढताना भाषा काही सगळी एका बाजूला गोळा झाली नाही. म्हणून आजही पैनगंगेच्या तेलंगणाकडच्या काठावर मराठी बोलणारी गावं आहेत, आणि त्याच गावांच्या शेजारी गोंडी, कोलामी, तेलुगू आहे. शाळा, कचेरी, सात-बाराच्या जागी येणारे कागद तेलुगूत. सोयरीक आणि बाजार बऱ्याचदा पांढरकवड्याकडे. ज्वारीला या रेघेशी काही घेणंदेणं नाही. जोन्न म्हणा, जवारी म्हणा, रोट्टे म्हणा, भाकर म्हणा, तव्यावर तीच थापली जाते.

क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या डोंगरात मारलवाईला गोंडांमध्ये राहिला. १९४८ साली त्याचं राजगोंडांवरचं पुस्तक आलं. गोंडांच्या शेतीचं आणि जेवणाचं त्याने जे वर्णन केलं आहे त्यात ज्वारीची पेज वारंवार येते. पुस्तकी लोक भाकरीच्या गौरवात पेजेला विसरतात, ही माझी जुनी तक्रार आहे. भाकरीला पीठ दळावं लागतं, थापायला हात लागतो, सरपण लागतं. जातं घरघरायला वेळ नसलेल्या, पहाटे वावरात जाणाऱ्या घरात भरडलेल्या ज्वारीच्या कण्या शिजतात. तेलंगणात तिचा गटका होतो, विदर्भात ताकातला आंबट घाटा होतो, मराठवाड्यात आंबील होते. पातळ केलं की चार माणसांचं सहा माणसांना पुरतं. ज्वारीचा खरा इतिहास लिहायचा तर तो तव्यापेक्षा हंडीत जास्त सापडेल.

सणांचं एक गमतीचं उदाहरण देतो. आषाढी एकादशीला मराठी घर साबुदाणा भिजवतं. त्याच दिवशी तेलंगणात तोली एकादशी असते आणि ज्वारीच्या किंवा मक्याच्या लाह्या कुटून, गूळ घालून त्याचं पीठ प्रसाद म्हणून खातात. मराठी माणसाला एकादशीला ज्वारी म्हणजे उपास मोडला. पण थोड्याच दिवसांनी नागपंचमी येते आणि मग ज्वारीच्याच लाह्या आपण नागोबापुढे ठेवतो. दक्षिण अमेरिकेतल्या कसाव्याच्या कंदापासून होणारा साबुदाणा उपासाला चालतो आणि तीन-साडेतीन हजार वर्षं इथे राहिलेली ज्वारी चालत नाही, हे कोणी ठरवलं ते विचारू नये.

आता कडब्याकडे येतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या ज्वारीचं ताट माणसाच्या डोक्यावर दोन-तीन हात उंच जायचं. दाणा माणसाचा, धांडा बैलाचा, असा सरळ वाटा होता. पेंढ्या बांधून गंजी लावली की पुढच्या पावसापर्यंत बैलाची ददात नसायची, आणि मळणीतून निघालेलं कुटारही वाया जात नसे. कोवळ्या ताटात मात्र विष असतं. पाण्याचा ताण पडलेली, गुडघ्याएवढी ज्वारी जनावराने खाल्ली तर ते तासाभरात आडवं होतं. हे गुराख्याच्या पोराला ठाऊक असतं. कणीस हुरड्यात आलं की पाखरांचा वेढा पडतो, म्हणून दिवसा माळ्यावर गोफण आणि रात्री रानडुकरांसाठी जागल. इतकी वर्षं हे चाललं कारण घरातले दाणे आणि गोठ्यातले बैल दोन्ही त्यावर होते.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी होते यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदकडचे वसंतराव नाईक. त्यांनी संकरित ज्वारी हे आपलं काम मानलं आणि विदर्भाच्या खरिपात ती पसरली. उत्पन्न वाढलं, यात वाद नाही. अडचण दुसरीकडे होती. जुने उंच वाण दिवसमान ओळखायचे. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी दिवस लहान होऊ लागल्यावरच ते निसवायचे, त्यामुळे त्यांचा दाणा पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत भरायचा. संकरित वाण शंभर-सव्वाशे दिवसांचं गणित घेऊन आला. पाऊस लांबला की त्याचं कणीस भर पाण्यात पिकायचं, दाण्यावर बुरशी चढायची, ज्वारी काळी पडायची. काळ्या ज्वारीला भाव नाही, भाकरीला चव नाही. ताट बुटकं, म्हणून कडबाही कमी. जोडीला १९७२ चा दुष्काळ आला आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. ती ज्वारीच होती, पण तिथे कोंबड्या-डुकरांना घालायची. त्या वर्षी मिलोची भाकरी खाल्लेली पिढी आजही तिचं नाव काढताना तोंड वाकडं करते. ज्वारीचं नाव गरिबीशी जोडलं जायला या दोन्ही गोष्टी कारण झाल्या. गव्हाची पोळी दारात उभीच होती.

सोलापूरकडची गोष्ट वेगळी घडली, ती अपवाद म्हणून इथे नोंदवतो. तिथे मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ वाण काढला गेला. तो रब्बीचा, उंच, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याचा, कडब्याला चांगला. इतकी दशकं उलटली तरी शेतकऱ्याने तो सोडलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याचंच बियाणं निवडून परत दिलं तेव्हा ते टिकलं, एवढं यावरून म्हणता येतं.

१९७० च्या सुमाराला देशात ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टर जमीन होती. आज ती चाळीस लाखांच्या घरात आहे. आदिलाबाद-यवतमाळच्या काळ्या जमिनीत तिची जागा कापसाने आणि सोयाबीनने घेतली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर हा वेग आणखी वाढला. कारण समजायला हमीभावाचा कागद पुरे. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, मालदांडी ३,७४९. मध्यम धाग्याचा कापूस ७,७१०. जवाचा भाव त्याच वर्षीच्या रब्बी विक्रीला १,९८० होता, म्हणजे त्याची अवस्था ज्वारीहून वाईट. पण ज्वारीचे भाव छापलेले असून ते हातात पडतात का, हा प्रश्न दोन्ही काठांवर सारखाच. आदिलाबादकडे अलीकडे सोयाबीन निघाल्यावर, विहीर-बोअरच्या पाण्यावर यासंगीत म्हणजे रब्बीत ज्वारी पुन्हा दिसू लागली आहे आणि तेलंगणाच्या मार्कफेडने तिची हमीभावाने खरेदी केलेली आहे. खरेदी सुरू होईल की नाही, एकरी किती घेतील, यावर पुढच्या वर्षीचा पेरा ठरतो. बाकी रानडुकरं आहेतच. आणि नदीपलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य आहे. १९९७ मध्ये ते जाहीर झालं, वाघ वाढले, ते पैनगंगा ओलांडून भीमपूरच्या शिवारात येतात. डोक्याइतक्या उंच पिकात एकट्याने शिरायला माणूस धजत नाही. जागल करणं आता पूर्वीइतकं सोपं नाही.

पुन्हा जवाकडे वळतो, कारण ज्वारीचं एक काम सांगायचं राहिलं. नायजेरियाने १९८८ मध्ये जवाची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या बिअर कंपन्यांना ज्वारीकडे वळावं लागलं. आफ्रिकेत हे नवं नव्हतंच; बुर्किना फासोतल्या बायका लाल ज्वारीची दोलो कित्येक पिढ्या गाळत आल्या आहेत, दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी होते. चीनमध्ये ज्वारीपासून बैज्यू नावाची कडक दारू निघते. मो यान यांच्या लाल ज्वारीवरच्या कादंबरीवरून निघालेला चित्रपट १९८८ मध्ये बर्लिनला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला, त्यातही दारूची भट्टी मध्यभागी आहे. अमेरिकेत कॅन्ससची ज्वारी जनावरांना, इथेनॉलला आणि चीनला जाते. महाराष्ट्र सरकारने २००७ च्या सुमाराला धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती दिल्या, तेव्हा भाकरीच्या धान्याची दारू म्हणून गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्याच बोलत होत्या. काळी पडलेली ज्वारी कारखान्याने घेतली तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे खरं. पण त्या भरवशावर कुणी दाण्यासाठी जागल करत नाही, आणि सवलतीचा पैसा वावरापर्यंत येतो हे मला दिसलेलं नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचं म्हणून पाळलं. तेव्हापासून शहरात ज्वारीचं पीठ सुंदर पिशवीत मिळतं. तिच्यात ग्लुटेन नाही, जवात आणि गव्हात आहे. ज्यांना सीलियाकचा आजार आहे त्यांच्यासाठी हा फरक कळीचा आहे. बाकीच्यांनी खाऊ नये असं नाही, पण मधुमेह पळतो, वजन उतरतं या जाहिरातींवर मी काही बोलणार नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे. तिच्या शीतगृहात जगभरातून गोळा केलेले ज्वारीचे जवळपास चाळीस हजार नमुने आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाबरोबर तिने लोह आणि जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ वाण २०१८ मध्ये दिला. हे काम मोलाचं आहे. पण शीतगृहातला दाणा आणि वावरातला दाणा यांच्यातलं अंतर पाटणचेरू ते भीमपूर या रस्त्यापेक्षा बरंच मोठं आहे, आणि पुढची पानं त्या अंतराबद्दल आहेत.

वाचकांना दोन सूचना. वाणांची नावं ज्या बोलीत ऐकली त्याच बोलीत ठेवली आहेत. पिवळ्या ज्वारीला तेलुगूत पच्च जोन्न म्हणतात, पांढरीला तेल्ल जोन्न. तिथे मराठी नाव घडवण्याचा खटाटोप केलेला नाही. मापांचंही तसंच. भाव क्विंटलने आणि जमीन एकराने दिली आहे, पण जुन्या आठवणी सांगताना माणसं पायली आणि खंडीतच बोलतात. पायली गावागणिक बदलते, म्हणून तिचं किलोत रूपांतर करणं टाळलं आहे.